बॉर्ग ‘आत्मसात’ करतात, ‘सात्मीकरण’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेतले बॉर्ग, म्हणजे एकाच सामूहिक मनाने चालणारे अर्धे यंत्र-अर्धे जीव, पकडलेल्या माणसांना आपल्यातलंच एक करून टाकतात. ते जे करतात त्याला मराठीत काय म्हणावं? सामावून घेणं, विलीनीकरण, सात्मीकरण की आत्मसात करणं?

आधी सारखी कानावर पडणारी एक चूक, मालिकेतला अंतराळयानाचा कप्तान पिकार्ड याच्याबद्दलची: ‘पिकार्ड बॉर्गमध्ये आत्मसात झाला.’ साफ चूक. या शब्दातला आत्मा करणाऱ्याचा असतो, गिळला जातो त्याचा नव्हे. ‘बॉर्गनी पिकार्डला आत्मसात केलं’ असंच म्हणायला हवं.

‘सामावून घेणं’ फारच प्रेमळ आणि विलीनीकरण कंपन्यांचं होतं. ते दोन्ही सोडून द्या.

खरी गंमत आहे ‘सात्’ या प्रत्ययात. पाणिनी सांगतो, ‘विभाषा साति कार्त्स्न्ये’ (५.४.५२). कार्त्स्न्य म्हणजे संपूर्णता. भस्मसात झालेल्या लाकडाची ढलपीसुद्धा लाकूड म्हणून उरत नाही. दोनच सूत्रं पुढे ‘तदधीनवचने’ (५.४.५४): राजसात् म्हणजे राजाच्या ताब्यात गेलेलं. आता बॉर्गची रीत बघा. हातातून निघालेल्या नळ्या मानेत घुसतात, नॅनोप्रोब नावाची अतिसूक्ष्म यंत्रं रक्तात उतरून पेशींचा कब्जा घेतात, मग मन समूहाला जोडलं जातं. शरीराला पहिलं सूत्र लागू, मनाला दुसरं.

परिभाषावाले ‘सात्मीकरण’ पुढे करतात. अन्नरसाच्या बाबतीत तो शब्द ठीक आहे, पण त्यातला च्वि प्रत्यय (‘आधी नव्हतं ते झालं’ एवढंच सांगणारा) ‘शुक्लीकरण’, म्हणजे पांढरं करणं, यातलाच; त्याला संपूर्णतेची अट नाही. नेमका प्रत्यय हाताशी असताना ढिला का वापरायचा? पिकार्ड तर परत माणसांत आला, मग संपूर्णता कुठे राहिली, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर दुसऱ्या सूत्रात आहे: ताबा सुटू शकतो. बॉर्गमधून सोडवलेल्या सेव्हन ऑफ नाइन या पात्राचाही सुटला, तरी काही यंत्रभाग तिच्या अंगात राहिलेच.

आणि आता माझा सर्वांत लाडका मुद्दा. ‘आत्मन्’चं प्राकृतात ‘अप्पण’ झालं आणि त्यातून आलं आपलं ‘आपण’. म्हणजे आत्मसात करणं म्हणजे अक्षरशः समोरच्याला ‘आपण’मध्ये ओढणं! इंग्रजीत एकच ‘वी’. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारं ‘आम्ही’ वेगळं आणि त्याला धरून चालणारं ‘आपण’ वेगळं. बॉर्ग जहाजाला धमकी देतात ती ‘आम्ही बॉर्ग आहोत’ अशीच हवी. नॅनोप्रोबचं काम झालं की तोच आवाज त्या माणसाच्या डोक्यात म्हणेल, ‘आपण बॉर्ग आहोत.’ इथे ‘आहोत’ जपा; ‘आपण बॉर्ग आहात’ लिहिलंत तर ते आदरार्थी ‘तुम्ही’ होऊन बसेल.

लोक्युटस (बॉर्गनी आत्मसात केल्यावर पिकार्डला दिलेलं नाव) झालेला पिकार्ड आपल्याच जुन्या सहकाऱ्यांशी बोलतो तेव्हा अनुवादकाने जास्तच सांभाळावं. समूहाच्या वतीने त्याच्या तोंडी फक्त ‘आम्ही’. तिथे चुकून ‘आपण’ पडलं, की तो त्या वाक्यापुरता पुन्हा पिकार्ड झाला.