उत्सिरा बेटावर एकाच ठिकाणी दीपगृहाचे दोन मनोरे का आहेत?

कारण १८४४ साली दोन्ही मनोरे मुद्दाम जोडीनेच बांधले. उत्सिरा हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, उत्तर समुद्रातलं जेमतेम दोनशे वस्तीचं बेट. त्या काळी बहुतेक दीपगृहांचा दिवा एकसारखा स्थिर जळायचा. मग अंधारात, खवळलेल्या समुद्रात खलाशाने ओळखायचं कसं, की दिसतोय तो उजेड नेमका कुठला? एकाशेजारी एक दोन दिवे दिसले, की समजायचं उत्सिरा आलं! इतकी साधी युक्ती, पण तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

पुढे ठरावीक अंतराने लखलखणारा दिवा आला. झोतांच्या लयीवरूनच ठिकाण ओळखू येऊ लागलं आणि १८९० मध्ये एक मनोरा कायमचा विझवला. पाडला मात्र नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. दुसरा आजही चालू आहे. त्याचा दिवा समुद्रसपाटीपासून सुमारे ७८ मीटरवर आहे, नॉर्वेत सर्वांत उंचावरचा. ही उंची मनोऱ्याची कमी, टेकडीची जास्त.

जायचं असेल तर हाउगेसुंदहून फेरीबोट मिळते.