ईयोब कुठल्या जेलमध्ये होता?

प्रश्न असा आलाय की १६११ च्या इंग्रजी बायबलात ईयोबाच्या (सगळं गमावलेला बायबलातला भला माणूस) पुस्तकात ४२:१० ला 'देवाने ईयोबाची कॅप्टिव्हिटी फिरवली' असं आहे, तर ईयोब कैदेत कधी होता, आणि कॅप्टिव्हिटीला मराठीत बंदिवास म्हणायचं की गुलामगिरी.

कधीच नव्हता हो! गुरं गेली, उंट गेले, पोरं गेली, अंगभर फोड आले आणि बिचारा राखेत बसून खापरीने अंग खाजवतोय, यात जेल कुठे दिसलं? हिब्रूत तिथे 'शूव शवूत' आहे. जुन्या लोकांनी शवूत हे 'शावा' म्हणजे पकडून नेणे यातून काढलं आणि कॅप्टिव्हिटी लिहून मोकळे झाले. खरं तर शवूत हे 'शूव' म्हणजे परतणे यातलंच, म्हणजे गेलेले दिवस परत आणणे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात १६:५३ ला हेच सदोम शहराबद्दल म्हटलंय, आणि सदोम तर जळून खाक झालेलं, त्याला कोण कैद करणार? तरी शावाला चिकटलेले विद्वान आहेतच, चिकटा म्हणावं. मराठीत सरळ 'ईयोबाचे दिवस पालटले' लिहा. 'फिरले' नको, आपल्याकडे दिवस फिरले की वाटोळंच होतं.

पण माझं डोकं फिरतं ते 'बाबेलचा (बॅबिलॉनचा) तुरुंगवास' ऐकून. इ.स.पू. ५९७ ला यरुशलेमच्या ज्यूंची जी पहिली खेप बाबेलला नेली तिला यिर्मया संदेष्टा पत्र लिहितो (अध्याय २९) की घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं लावा. कोठडीत बागा लावतात का कुणी? तिथला शब्द आहे 'गालूत', धातू 'गाला', अर्थ उघडं करणे आणि देश सोडून जाणे. हिब्रू ग चा अरबीत ज होतो (उंट तिकडे गामाल, इकडे जमाल), म्हणून गाला चा भाऊ जला, अर्थ परत तेच दोन: उजळ करणे, मुलूख सोडणे. दुसऱ्यातून उर्दूतलं जलावतन (हद्दपार) आलं. आणि पहिल्यातून? आपली झिलई! जुन्या मराठीत जिल्हई. (कल्हईला यात ओढू नका, ती कथलाची, तिचं घराणं वेगळं.) चांदीचं निरांजन घासलं की काजळी जाते आणि खालचा धातू उघडा पडतो, तसंच माणसं नेली की खालची जमीन उघडी पडते, माझ्या मते गालूत म्हणजे हेच. काही कोशवाले हे दोन वेगळे धातू मानतात. एका घराचे दोन सातबारे करायची हौस, दुसरं काय.

हां, बंदिवास की गुलामगिरी. लढाईत धरून नेलेल्यांना 'पाडाव' हा झकास जुना शब्द आहे, तो वापरा. बाबेलवाल्यांना देशोधडी. गुलामगिरी मिसरातली (इजिप्तमधली), तिचा इथे काय संबंध?