नासाचे फोटो सगळ्यांना फुकट, मग ओपन सोर्स कोडच्या लायसन्सचा एवढा बाऊ कशाला?

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय, ‘तसंही कोण तपासायला येतंय?’ त्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. तपासायला येतात. मी स्वतः तपासलं आहे.

ग्रहांची माहिती देणारं सशुल्क अ‍ॅप तुम्ही करताय. त्यात नासाच्या साइटवरून घेतलेले गुरूचे फोटो आहेत आणि फोटो सुधारणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखालचा, अ‍ॅपमध्येच जोडलेली आहे. फोटोंचं बहुतेक निभावेल. लायब्ररीचं मात्र नाही. अ‍ॅप लोकांच्या हातात दिलंत की त्या अ‍ॅपचा सोर्सही, म्हणजे मूळ कोडही, त्यांना द्यावा लागतो, आणि तो द्यायची तुमची तयारी नाही हे तुम्हीच सांगितलंय.

नासाचे फोटो खुले असतात ते अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 105 मुळे. तिथल्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून जे तयार केलं, त्याला त्या देशात कॉपीराइट मिळत नाही. हा एका देशाचा नियम आहे. तो साऱ्या अवकाशाला लागू होत नाही. नासासाठी याने बनवणाऱ्या जेपीएल या प्रयोगशाळेचे कर्मचारी कॅलटेक या खासगी विद्यापीठाचे, सरकारचे नाहीत, म्हणून जेपीएलचं फोटोंबाबतचं धोरण वेगळं आहे. युरोपीय अंतराळ संस्थेने 2014 मध्ये रोझेटा यानाच्या नॅव्हकॅमचे, म्हणजे दिशा ठरवायच्या कॅमेऱ्याचे, फोटो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिले. श्रेय द्या आणि पुढे देताना हीच अट ठेवा, असं ते लायसन्स. भारताच्या 1957 च्या कायद्यात तर सरकारी कृतीचा पहिला मालक सरकारच असतो, आणि तो हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो.

आता गुरू. हा माझा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जूनो यान 2016 च्या जुलैत गुरूपाशी पोहोचलं. त्यावरच्या जूनोकॅम या कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य असं की त्याचा कच्चा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो आणि त्यावर प्रक्रिया करायला मोहिमेनेच लोकांना बोलावलं. यान मिनिटाला साधारण दोन वेळा स्वतःभोवती फिरतं आणि फिरता फिरता कॅमेरा अरुंद पट्ट्या टिपत जातो. प्रत्येक पट्टी 1648 बाय 128 पिक्सेलची. लाल, हिरवा, निळा अशा फिल्टरच्या पट्ट्या वेगवेगळ्या क्षणी पडतात, आणि तेवढ्यात यान पुढे सरकलेलं असतं, गुरूही फिरलेला असतो. पट्ट्या नुसत्या एकाखाली एक चिकटवल्या तर ग्रहाची कड करवतीसारखी दिसते आणि रंग एकमेकांवर बसत नाहीत. मग स्पाइस कर्नल, म्हणजे यानाची जागा आणि दिशा नोंदवलेल्या नासाच्या फाइल्स, घ्यायचे, त्या क्षणी यान कुठे होतं आणि कुठे तोंड करून होतं ते काढायचं, आणि प्रत्येक पिक्सेल गोलावर परत बसवायचा. एवढं करूनही घड्याळाचा बारीकसा फरक उरतो. तो ग्रहाच्या कडेशी ताडून हाताने मोजावा लागतो.

यासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. ऑफिस सुटल्यावर रात्री बसून, कुणी सांगितलं नव्हतं तरी. यानाच्या प्रत्येक जवळच्या फेरीसाठी वेळेची दुरुस्ती मोजून तिचा तक्ता केला. अख्ख्या प्रोग्राममध्ये सर्वांत जास्त कष्ट त्या तक्त्याचे आहेत. मग सगळं जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुलं केलं. वर माझं नाव, लायसन्सची ओळ, आणि तक्ता कसा मोजला त्याचं टिपण.

पुढे एका कंपनीचं ग्रहदर्शनाचं अ‍ॅप पाहण्यात आलं. पैसे देऊन घ्यायचं. त्यातला गुरू पाहताच मला माझ्याच चित्रांची ठेवण ओळखू आली. विकत घेतलं, पॅकेज उघडलं, तर संसाधनांच्या फोल्डरमध्ये माझा तक्ता जसाच्या तसा. आकडे तेच, क्रम तोच, शेवटच्या दशांशापर्यंत तेच. वरच्या ओळी तेवढ्या पुसलेल्या: नाव, लायसन्स आणि टिपण.

मी सभ्य भाषेत मेल लिहिला. सोर्स द्या, नाव परत लावा, वाटल्यास व्यावसायिक वापराचं वेगळं लायसन्स मी देतो. उत्तर आलं की नासाचा डेटा सार्वजनिक असतो, त्यामुळे कसलाही भंग झालेला नाही. तुमच्या प्रश्नात हाच युक्तिवाद आहे. डेटा सार्वजनिक आहेच, त्यावर माझा काडीचा हक्क नाही. त्या डेटापासून चित्र घडवणारा कोड मी लिहिलाय; तो खुला केला असला तरी त्यावरचा हक्क माझाच आहे. एकाच फोल्डरमध्ये शेजारी पडल्या म्हणून दोन्ही गोष्टी सारख्या होत नाहीत. पुढच्या आवृत्तीतून माझा तक्ता गुपचूप गायब झाला. दिलगिरीची एक ओळही आली नाही.

तेव्हा माझ्यासोबत काम करणारा एक सहकारी होता, अनुभवाने मोठा. तो म्हणाला, ‘तू फुकट वाटलंस, त्यांनी घेतलं. लायसन्स म्हणजे विनंती. कोर्टात उभं राहत नाही.’ तेव्हा मी गप्प बसलो, कारण तो वरिष्ठ होता. आज त्याला आणि तुम्हाला एकच उत्तर देतो.

कोर्टात उभं राहतं. रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्रज्ञ मॉडेल रेल्वे चालवण्याचं सॉफ्टवेअर मोफत देत होते, आर्टिस्टिक लायसन्सखाली. एका कंपनीने त्यातल्या फाइल्स घेतल्या आणि लेखकांची नावं, कॉपीराइटच्या ओळी न ठेवता आपल्या उत्पादनात घातल्या. 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने सांगितलं की अशा लायसन्सच्या अटी या कॉपीराइटच्याच अटी आहेत; त्या मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचा हक्क जात नाही, हेही त्या निकालात आलं. त्याआधी 2004 मध्ये म्युनिकच्या कोर्टाने राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध जीपीएल मान्य केलं होतं, लिनक्समधल्या नेटफिल्टरच्या प्रकरणात. म्हणजे माझा सहकारी बोलत होता त्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न निकाली निघाला होता.

तुम्ही काय करावं? लायब्ररी बदला. एमआयटी किंवा बीएसडी लायसन्सची शोधा, त्यांत सोर्स द्यायची अट नसते, आणि तिची कॉपीराइटची ओळ, लायसन्सचा मजकूर अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर ठेवा, लागतं तेवढंच. किंवा लेखकाला मेल करून वेगळं लायसन्स विकत मागा. बरेच जण देतात, मीही दिलं असतं. प्रक्रिया स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली तर साध्या जीपीएलची सोर्स देण्याची अट लागत नाही, पण लायब्ररी एजीपीएल, म्हणजे जीपीएलच्या सर्व्हरसाठीच्या कडक रूपाची, असेल तर तिथेही लागते. अ‍ॅप आधीच विकायला ठेवलं असेल तर जीपीएलच्या आवृत्ती तीनमध्ये एक सवलत आहे: पहिल्यांदाच तक्रार आली आणि 30 दिवसांत चूक सुधारली, तर हक्क परत मिळतो. आवृत्ती दोनमध्ये ती सोय नाही.

फोटोंखालची श्रेयओळ नीट वाचा. जूनोच्या अनेक देखण्या चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या हौशी माणसाचं नाव असतं आणि शेजारी क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स. नासाच्या साइटवर असलं तरी ते नाव तुम्हालाही लावावं लागतं. नासाचा लोगो अ‍ॅपच्या चिन्हात वापरू नका, त्याचे नियम स्वतंत्र आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. मी वकील नाही. पैसे गुंतले असतील तर वकिलाला दाखवा. आणि कॉपीराइट कल्पनेवर किंवा गणितावर नसतो. पट्ट्या गोलावर कशा बसवायच्या हे शिकून तुम्ही स्वतः कोड लिहिलात, स्वतःचा तक्ता मोजलात, तर माझ्यासह कुणीही तुम्हाला अडवू शकत नाही. खरं तर तसंच करा. स्पाइसचं टूलकिट आणि कर्नल नासाचा नैफ गट मोफत देतो, कच्च्या पट्ट्या मोहिमेच्या साइटवर आहेत. पहिल्या फोटोला कड जुळेना झाली तर मला विचारा. वेळेचा फरक कसा मोजायचा ते पायरीपायरीने सांगेन, त्याला लायसन्स लागत नाही.