ब्लाऊजचे हुक कोण लावतं?

गेल्या आठवड्यात चिमूरकडच्या एका मुलीचा फोन आला. आईला छातीचा कॅन्सर, केमो चालू. "तोंड आलंय, पायाला मुंग्या येतात, हे मला दिसतं. पण डॉक्टरांनी विचारलं की आई म्हणते, सगळं ठीक आहे. तरास सांगितला तर सुई बंद करतील, असं तिनं मनात धरलंय. मी तिच्या मागे परस्पर सांगून टाकू का?"

हा प्रश्न मला खेड्यातल्या जवळपास प्रत्येक घरातून येतो. त्याचं उत्तर मला ज्या बाईनं शिकवलं, तिच्याबद्दलच सांगते. तिला सुमनमावशी म्हणू. नाव बदललंय, गाव सांगत नाही.

मावशी यवतमाळ जिल्ह्यातल्या, पन्नाशीला आलेल्या. थोडं वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग तीन-तीन आठवड्यांनी केमोच्या चार लाल सलाईन झाल्या. (या औषधानं एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं. हे आधी सांगितलं नाही तर बाया घरी जीव मुठीत धरून बसतात.) त्यानंतर दर आठवड्याला एक, असे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाचे बारा डोस ठरले होते. दर वेळी दवाखान्यात आम्ही कागद घेऊन विचारायचो : उलटी? जुलाब? ताप? मुंग्या? आणि मावशी म्हणायच्या, "नाही जी, काहीच नाही." पाच आठवडे त्या कागदावर 'तक्रार नाही' असंच लिहिलं गेलं. त्यातले दोन कागद माझ्या हातचे आहेत, आणि ते मला अजून सलतं.

सहाव्या डोसच्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचा पदर सरकला. ब्लाऊजचे हुक एक घर सोडून लागले होते. मावशी टापटिपीच्या, असं कधी व्हायचं नाही. मी सहज विचारलं, "मावशी, हुक कोण लावतं तुमचे?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पोरगी लावते. आज घाईत होती."

"कधीपासून लावते?"

"झाले असतील पंधरा दिवस. बोटं कापसावानी झाली, बाई. धरलं तरी धरल्यासारखं वाटत नाही."

मग सारंच बाहेर आलं. भाकर थापता येत नव्हती. तव्याला दोन बोटं लागली, फोड आला, पण पोळल्याचं कळलं फोड दिसल्यावर. ऑपरेशनच्या बाजूचाच तो हात. त्या बाजूला साधी जखमसुद्धा चिघळून हात सुजू शकतो, म्हणून मला धस्स झालं. आणि चप्पल. "वावरातून घरी आली तं सासू म्हणते, तुयी दुसरी चप्पल कुठी हाय? पाह्यलं तं एका पायात चप्पलच नाही. धुऱ्यावर निघून पडली होती. तशीच चालत आली मी, मले पत्ताच नाही."

"मग इथे का नाही सांगितलं?"

"आमच्या गावच्या एका बाईनं सांगतलं होतं सारं. तिची सुई बंद केली डॉक्टरनं. चार महिन्यांत गेली ते."

अशा वेळी तोंडावर येतं, 'छे हो, असं कोणी बंद करत नाही.' सुरुवातीच्या वर्षांत मी म्हणायचेसुद्धा. ते चूक आहे. डोस कमी करावा लागतो, पुढे ढकलावा लागतो, क्वचित थांबवावाही लागतो. मी तसं वचन देऊन बसले आणि उद्या तसंच घडलं, तर माझ्या पुढच्या शब्दाला किंमत काय? म्हणून मी त्या दुसऱ्या बाईबद्दल विचारलं. तिला नेमकं काय सांगितलं होतं? मावशींना तेवढं आठवत होतं : रक्तात पांढऱ्या पेशी कमी आल्या, आठ दिवसांनी या.

"मग गेली का ती आठ दिवसांनी?"

बराच वेळ त्या सलाईनच्या नळीकडे बघत राहिल्या. "नाही गेली," म्हणाल्या. "सोयाबीनची सोंगणी होती." मी पुढे काही बोलले नाही. सोंगणीच्या दिवसांत एक माणूस दवाखान्यात अडकणं म्हणजे काय, हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमो होते, मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीटही आहे, पण सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी घरातूनच जाते.

मग त्यांना समजेल तसं सांगितलं. हे औषध नसांच्या टोकांना लागतं. लांबच्या नसा आधी, म्हणून पायाची बोटं आणि हाताची पेरं. डोसामागून डोस ते साचत जातं. लवकर कळलं तर डॉक्टर डोस थोडा उतरवतात, मध्ये आठवडा सोडतात, आणि गाडी पुढे जाते. बटण लागेना, चालताना तोल जायला लागला, इतकं होईपर्यंत दाबून ठेवलं तर थांबवण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणजे सुई बंद पडायची भीती असेल तर सांगायलाच हवं. मावशी म्हणाल्या, "तुमी संग या पण." मी गेले. बोलल्या मात्र त्या स्वतः, चपलेसकट.

डॉक्टरांनी साखर आणि बी-१२ तपासायला लावलं, कारण साखर वाढली किंवा बी-१२ कमी असलं तरीही मुंग्या वाढतात. एक आठवडा सुट्टी दिली, डोस उतरवला. अकराव्यानंतर मात्र बारावा नको म्हणाले. आता आणखी दिलं तर पाय कायमचे बधिर राहायची भीती, आणि औषधाचा मोठा हिस्सा पोचलेला आहे, असं त्यांनी मावशींना बसवून सांगितलं. मावशींचा चेहरा उतरला, पण असं होऊ शकतं हे आधीच ऐकलेलं होतं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, पुढची तारीख विचारायला.

घरी काय बदललं? चूल आणि तवा जावेकडे गेला. चहा कान असलेल्या कपातून. आंघोळीचं पाणी आधी पोरगी बघून देते. मागून पट्टा असलेली चप्पल आली, घरातही तीच. रात्री उजेडात तळवे बघायचे, काटा रुतलेला कळत नाही म्हणून. वेचणीला जायचा हट्ट त्यांनी सोडला नाही, पण त्या हंगामात धुऱ्यावर बसून हिशेब धरला. वाळलेल्या बोंडांची टोकं त्या बोटांना नकोच होती. मेडिकलमधून मनानं 'ताकदीच्या गोळ्या' आणायच्या नाहीत, हे मी दोनदा बजावलं. सहा महिन्यांत हाताची पेरं बरीच सुधारली. तळवे अजून पूर्ण नाहीत. काहींचं सगळं जातं, काहींचं थोडं राहतं, हेही त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आता त्या मुलीला. ताई, परस्पर सांगू नका. आईला कळेल, आणि मग ती तुमच्यापासूनही लपवेल. याला मोठा अपवाद म्हणजे ताप. घरात थर्मामीटर ठेवा. १००.४ किंवा वर गेला तर आईनं कितीही नको म्हटलं तरी त्याच घटकेला दवाखान्यात फोन करा, रात्र असली तरी. गाडी नसेल तर १०८. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप तासांत जिवावर येतो, आणि गोळीनं तो फक्त झाकला जातो.

बाकी रोजच्या त्रासाला थोडा धीर धरा, आणि 'काही त्रास?' असं विचारणं बंद करा. त्याला आपल्या बाया 'नाही' असंच म्हणतात, आयुष्यभर तेच म्हणत आल्यात. कामाचं विचारा. भाकर कशाशी खाल्ली? ठेचा सोडून ताकात कुस्करली असेल तर तोंड सोललंय, हे डॉक्टरांना कळायला हवं. नळावरून येताना किती वेळा बसलीस? परसाकडे कधी गेली होतीस? उलटीच्या गोळ्यांनी पोट आवळतं, आणि ते बाई मेली तरी सांगत नाही. रात्री अंगातून वाफा येऊन पातळ भिजतं का? हे शेवटचं तुम्ही बाई म्हणूनच विचारू शकता, भावाला नाही जमणार.

आणि मुंग्यांचं आजच बघा. जेवणं झाली की आईच्या पायाशी बसा, तळव्यांना तेल लावा. डोळे मिटायला सांगा. एकेक बोट हलकेच धरा आणि विचारा, आई, कोणतं धरलं? चुकली तर काही बोलू नका, दुसरा पाय घ्या. मग वही काढा आणि तिच्यासमोर, तिला वाचून दाखवत, आजची तारीख घालून लिहा. पुढच्या केमोला ती वही आईच्या पिशवीत राहू द्या, तुमच्या नको.