त्याच तोंडाने प्रार्थना करू?

"इतकं सगळं करूनही मी आतून बदलत का नाही?" माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती माणसांच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. विचारणारे मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, बेफिकीर लोक नसतात. बेफिकिरांना हा प्रश्न पडतच नाही. उपवास न चुकवणारे, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, काटेकोर देणारे, वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढणारे लोक हे विचारतात. आणि विचारताना त्यांचा आवाज खाली येतो, कारण मनात दुसरा प्रश्न दडलेला असतो: माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालंय ना?

त्यांच्यापैकी एका गृहस्थांबद्दल सांगते. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मंडळीत जबाबदारीचं पद, घरी पत्नी आणि कॉलेजात जाणारा मुलगा. तक्रार एकच, राग. हात कधी उचलला नव्हता, पण बोलणं असं जिव्हारी लागणारं की घर दिवसभर सावरत नसे.

"ताई, अजून कुठला उपवास धरू, तेवढं सांगा."

"आतापर्यंतच्या उपवासांनी काय झालं?"

"उपवासाच्या दिवशी राग जास्त येतो," असं बोलून ते स्वतःच ओशाळले.

प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात हीच अवस्था मांडली आहे. जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, आणि नको असलेलं तेच घडतं. तरी तो नियमशास्त्राला, म्हणजे मोशेद्वारे दिलेल्या देवाच्या आज्ञांना, नावं ठेवत नाही. ते पवित्र आहे, चांगलं आहे, असंच म्हणतो. पाप काय ते आपल्याला त्यानेच कळतं. पण तापमापक दिवसातून दहा वेळा लावला म्हणून ताप उतरत नाही. हे गृहस्थ वर्षानुवर्षं तेच करत होते. आकडा रोज बघायचे आणि रोज खचायचे.

पुढची काही सत्रं त्यांच्या बालपणावर, वडिलांवर गेली. ते इथे सांगत नाही. खरी गाठ सापडली ती एका साध्या प्रश्नाने, आणि तो मी मुद्दाम राखून ठेवला होता.

"घरात आरडाओरडा झाल्यावर तुम्ही परत प्रार्थनेला कधी बसता?"

"लगेच नाही. दोन-तीन दिवस जाऊ देतो. त्याच तोंडाने प्रार्थना कशी करणार?"

"मग त्या दोन-तीन दिवसांत काय करता?"

"नीट वागतो. थोडं स्वच्छ वाटलं की बसतो."

"आणि मुलाचं काही चुकलं तर?"

ते बोलायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. "त्याच्याशी... बोलत नाही मी. दोन-तीन दिवस."

मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की सगळं वाया जातं, हे अनुभवाने शिकलेलं शहाणपण. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "म्हणजे देव माझ्याशी जसा वागतो असं मी धरून चाललोय, तसाच मी पोराशी वागतो."

यात मला एक शब्दही जोडावा लागला नाही. माझ्या कामातली ही जागा मला सगळ्यात प्रिय आहे. माणूस कोणत्या देवाला मानतो ते त्याच्या विश्वासवचनातून फारसं कळत नाही. पाप घडल्यावर पहिल्या तासात तो कुठे जातो, यावरून कळतं. नियमशास्त्राखाली जगणारं मन देवापासून लांब पळतं, स्वतःला सुधारतं आणि मग परवानगी मागितल्यासारखं परत येतं. आणि देवाच्या दारात ज्याला ताटकळत राहायची सवय झाली, तो आपल्या दारात इतरांना ताटकळत ठेवतो.

पुढच्या भेटीत ते जरा चिडलेलेच आले. "एवढं केलं मी देवासाठी. त्या बदल्यात हा एक राग त्याला काढता येऊ नये?" मला बरं वाटलं. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ अखेर बोलता झाला होता. लूकच्या पंधराव्या अध्यायात धाकटा मुलगा सगळं उधळून परत येतो आणि बाप त्याला मेजवानी देतो. थोरला घर सोडून कधीच गेला नाही, पण बापाला ऐकवतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली आणि मला एक करडूही मिळालं नाही. घरात राहूनही तो चाकरच होता.

पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा आरंभ करणारा मार्टिन ल्यूथर 1505 मध्ये एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात गेला. संन्यासी म्हणून आपल्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, तरी पाप्यांना शिक्षा करणाऱ्या नीतिमान देवावर आपलं प्रेम नव्हतं, उलट त्याचा द्वेषच वाटत होता, असं त्याने 1545 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी लिहून ठेवलं. देवाचं नीतिमत्त्व विश्वासाने दान म्हणून मिळतं हे रोमकरांस पत्रात उमगल्यावर स्वर्गाचं दार उघडल्यासारखं वाटलं, असंही तो सांगतो. हे ऐकून आमचे गृहस्थ म्हणाले, "ल्यूथरलासुद्धा?" त्या 'सुद्धा'ने अर्धं ओझं उतरलं.

मग आम्ही लूकच्याच शुभवर्तमानातली, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या जक्कयाची गोष्ट सावकाश वाचली. माझा कल लपवत नाही: बदल कसा घडतो यासाठी शुभवर्तमानात मला याहून चांगली जागा ठाऊक नाही. जकातदारांचा तो मुखिया झाडावर असताना येशू त्याला एकही अट घालत नाही. आज तुझ्या घरी उतरायचं आहे, इतकंच म्हणतो. लोक कुरकुरतात, पण येशू आत जातो. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो.

"नियमशास्त्र किती मागत होतं?" मी विचारलं. त्यांना पाठ होतं. जुन्या करारातल्या गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे पाप कबूल करून मुद्दल भरायचं आणि वर पाचवा हिस्सा.

"आणि दशमांशाच्या जागी त्याने निम्मं दिलं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "कोणी मागितलं नसताना."

त्या दिवशी त्यांना एकच काम दिलं. पुढच्या वेळी राग फुटला की त्याच घटकेला, डोकं तापलेलं असतानाच, देवासमोर बसायचं. स्वच्छ होऊन नाही.

"त्याच तोंडाने?"

"त्याच तोंडाने."

पुढच्या भेटीत त्यांना धड बोलता येत नव्हतं. मुलावर ओरडून झाल्यावर ते खोलीत जाऊन बसले. शब्द सुचेनात. "मी पुन्हा तेच केलं" एवढंच म्हणाले. वाटलं होतं की आता मनात शिव्याशाप उमटतील. त्याऐवजी आठवलं, की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारल्यावर नव्हे. हे वचन त्यांनी मंडळीत कितीदा वाचून दाखवलं होतं! तिथून उठून ते थेट मुलाकडे गेले आणि "माझं चुकलं" म्हणाले. मागोमाग "पण तूही" आलं नाही. मुलगा गोंधळून "बरं" म्हणाला. राग त्या दिवसानंतरही येत राहिला. अबोला मात्र संपला, आणि अबोला संपल्यावर रागाचं बळही हळूहळू ओसरायला लागलं.

इथे हमखास आक्षेप येतो, पाळकांकडून तर नक्कीच: सुधारण्याआधीच देव जवळ घेतो, ही कृपा शिकवली तर लोक मोकाट सुटतील. पौलालाही हे ऐकावं लागलं होतं, आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने ते तिथल्या तिथे उडवून लावलं. तीताच्या पत्रात तर अभक्ती सोडून संयमाने वागायला शिकवणारी कृपाच आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने लिहिलं, की कृपेचा शोध घेतला जावा म्हणून नियमशास्त्र दिलं गेलं आणि नियमशास्त्र पाळलं जावं म्हणून कृपा दिली गेली. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंट विश्वास शिकवणाऱ्या पुस्तिकेत, दहा आज्ञांचं विवेचन कृतज्ञतेच्या भागात येतं, सुटकेचा भाग संपल्यावर. दहा आज्ञा दिल्या गेल्या त्या सीनाय पर्वतावरही क्रम तोच आहे. आधी 'मी तुला मिसर देशातल्या दास्यातून बाहेर आणलं', मग पहिली आज्ञा.

एक गोष्ट मात्र वेगळी काढायला हवी. क्षमा मागूनही तीच शंका दिवसभर पुन्हा पुन्हा येत असेल, तीच कबुली देत राहिल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तो मंत्रचळाचा (ओसीडी) आजार असू शकतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. औषध घेतल्याने विश्वास उणा पडत नाही.

शेवटी त्यांच्या पत्नी भेटायला आल्या. बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे यांना सगळं माफ, आणि सहन आम्ही करायचं?" असा नेमका प्रश्न मला मोठमोठ्या सेमिनारांतही कोणी विचारलेला नाही. मी म्हटलं, जक्कयाने चौपट देवाला दिलं नव्हतं, ज्यांना लुबाडलं त्यांना दिलं होतं. देवाने क्षमा केली म्हणून घरातलं देणं फिटत नाही, उलट ते फेडायचं बळ येतं. तुम्हाला 'पुरे' म्हणायचा हक्क आहे, आणि क्षमेची घाई तुमच्यावर कोणी लादू नये, मंडळीनेही नाही. मग दोघांनी माझ्यासमोरच ठरवलं: आवाज चढला की त्या उठून दुसऱ्या खोलीत जातील, हे मागे जाणार नाहीत, आणि झालेल्या दुखापतीबद्दल त्या बोलतील तेव्हा हे मध्येच सफाई देणार नाहीत. शेवटची अट त्यांना अजून जड जाते. परवा त्या सांगत होत्या, दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा स्वतःहून मिटलं.