साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडावर फडकणारा भगवा झेंडा हा महाराष्ट्राचा अधिकृत राज्यध्वज आहे का? त्याच्या रंगाचा अर्थ काय, आणि आकार कसा असतो?

नाही. महाराष्ट्राने स्वतंत्र राज्यध्वज स्वीकारलेला नाही. सरकारी इमारतीवर तिरंगाच असतो, आणि ध्वजसंहितेनुसार दुसरा कोणताही झेंडा त्याच्या वर किंवा बरोबरीने लावता येत नाही.

गडावरचा भगवा मराठा राज्याचा. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि हे गाव राजधानी बनलं, म्हणून आम्हा सातारकरांना तो घरचाच वाटतो. भगवा रंग संन्याशाच्या छाटीचा, त्यागाचा. वारकऱ्याच्या खांद्यावरची पताकाही त्याच रंगाची, म्हणजे तलवार आणि टाळ दोघांचाही हा रंग. आकार मात्र नीट बघा: साधा चौकोन नाही, टोकाला खोल खाच आणि दोन शेपट्या. जरीपटका, म्हणजे मराठ्यांचं मानाचं निशाण, त्यावर जरीचं काम असायचं.

घरावर किंवा गडावर लावणार असाल तर एक सांगतो. गडावरचा वारा आधी त्या शेपट्यांची टोकंच उसवतो, मग धागे लोंबू लागतात. तिथे दुहेरी शिवण मारून घ्या. विटलेला, फाटलेला भगवा काठीवर तसाच सोडू नका, वेळेवर उतरवा. फार वाईट वाटतं बघताना.