पीफास टाळायला सुरुवात करताय? आधी एवढंच करा

ताई, घरातली सगळी भांडी एका दिवसात बदलायला जाऊ नका. पीफास (PFAS) हा हजारो रसायनांचा गट; नॉनस्टिक कोटिंगमध्ये ती वापरतात आणि पिण्याच्या पाण्यातही सापडतात. त्यांतला कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका घट्ट की ती निसर्गात सहजी मोडत नाहीत आणि काही तर माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतात. त्यातल्या पीएफओएला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातलं. म्हणून काळजी घ्यायची, पण टप्प्याटप्प्याने.

पहिला नंबर नॉनस्टिकचा. कोटिंग उखडलेला तवा आजच काढा. बाकीचे चालू द्या, पण रिकामे मोठ्या आचेवर तापवू नका. पुढची खरेदी भांडीबाजारात जाऊन बिडाच्या तव्याची किंवा लोखंडी कढईची करा. पहिले चार डोसे चिकटतील, तेल लावून तापवत राहिलात की सुटायला लागतात. धीर सोडू नका.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- पाणी उकळणं. पीफास उडून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. तांब्याच्या हंड्यानेही ते जात नाही. आरओने बरंच कमी होतं, कार्बन फिल्टरनेही होतं, पण कार्ट्रिज वेळेवर बदललं तरच.
- ‘पीएफओए-फ्री’ लेबलवर विसंबणं. त्याच कुळातलं दुसरं रसायन असू शकतं.

रक्ततपासणी, कपडे, कॉस्मेटिक्स हे सगळं नंतर बघू. आज फक्त तवे तपासा आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवा.